जुन्या मिनीव्हॅनचे मागचे तीन स्पार्क प्लग घरी कसे बदलायचे

पुढचे तीन स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी टाकून पेट्रोल पेटवणारे) अर्ध्या तासात होतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं काम मागच्या तिघांचं. पहिल्या वेळी मला त्यांनी अख्खा दिवस झोपवलं, दुसऱ्या वेळी अडीच तास लागले, आणि मधल्या काळात काही माझा हात लांब झाला नव्हता. फक्त कुठून शिरायचं आणि कुठे जोर लावायचा नाही एवढं कळलं होतं, तेच इथे लिहितोय.

माझी व्हॅन सेकंडहॅण्ड, इंजिन ३.३ लिटरचा आडवा बसवलेला व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन रांगांत, एक पुढे आणि एक मागे. घेताना सांगितलं होतं की प्लग नुकतेच बदललेत. दोनेक महिन्यांत चढावर झटके मारायला लागली, आयडलिंगला, म्हणजे उभ्या जागी इंजिन चालू असताना, स्टिअरिंग थरथरायचं आणि एक दिवस चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही तर लुकलुकायला लागला. दिवा लुकलुकतोय म्हणजे मिसफायर, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटणं, एवढा होतोय की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीत जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतंय, तेव्हा त्या अवस्थेत गाडी दामटायची नाही, अॅक्सिलरेटर सोडायचा आणि हळूहळू घरी यायचं. स्कॅनर लावला तर बिघाडाचा कोड पी-०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तिसरा. पुढचे प्लग काढून बघितले, एकदम कोरे, पांढरेशुभ्र. मग मागचा तिसरा काढला तर बाहेरून गंजलेला, आतला इलेक्ट्रोड झिजून गोल झालेला, आणि गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, जिथे सव्वा मिलिमीटर हवी तिथे जवळजवळ दोन. ज्याने कुणी काम केलं होतं त्याने पुढचे तीन बदलले आणि बॉनेट लावून टाकलं. नुकतेच बदललेत हे खोटं नव्हतं म्हणा, अर्धंच खरं होतं.

हे असं अर्धं काम का करू नये ते आधी सांगतो, कारण मागचे राहू देत असं तुम्हालाही दुपारी दोनच्या सुमारास वाटणार आहे. वायरवाल्या जुन्या व्ही-सिक्समध्ये बहुतेक वेळा सहा सिलिंडरला ठिणगीचं व्होल्टेज बनवणाऱ्या तीनच कॉईल असतात आणि एक कॉईल दोन प्लगना एकाच वेळी ठिणगी देते, एक सिलिंडर कॉम्प्रेशनवर असतो आणि दुसरा त्याच क्षणी धूर बाहेर टाकत असतो, त्याच्यातली ठिणगी वाया जाते म्हणून याला वेस्ट स्पार्क म्हणतात. माझ्या इंजिनात जोड्या आहेत १-४, २-५ आणि ३-६, आणि १-३-५ मागे, २-४-६ पुढे. म्हणजे प्रत्येक कॉईलला एक पुढचा आणि एक मागचा प्लग आहे, आणि करंट एका प्लगमधून जाऊन इंजिनच्या धातूमधून दुसऱ्यातून परत येतो. मागच्याची गॅप वाढली की कॉईलला जास्त व्होल्टेज चढवावं लागतं, आणि मग ते व्होल्टेज जुन्या वायरच्या बुटातून (प्लगवर बसणारी रबरी टोपी) कुठेतरी हेडवर, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या भागावर, उडी मारतं. पुढे कितीही महागाचा प्लग बसवा, जोडीदार मेलेला असेल तर कॉईल रडतच राहणार.

याच कारणाने प्लग घेताना एक गोष्ट बघा. या पद्धतीत जोडीतल्या एका प्लगमध्ये ठिणगी मधल्या इलेक्ट्रोडकडून बाहेरच्याकडे जाते आणि दुसऱ्यात उलटी. ज्यात उलटी जाते त्याचा बाहेरचा इलेक्ट्रोड झिजतो. म्हणून नुसत्या मधल्या टोकाला प्लॅटिनम असलेला प्लग इथे पुरा पडत नाही, दोन्ही टोकांना प्लॅटिनम असलेला डबल प्लॅटिनम घ्या, नाहीतर इंजिनला कंपनीने दिलेला इरिडियम असेल तर तोच. साधे निकेल-कॉपर प्लग चालतात, ठिणगी पण चांगली देतात, पण तीस-चाळीस हजार किलोमीटरला परत त्याच भोकात हात घालायची तयारी पाहिजे. प्लॅटिनम-इरिडियमवाले लाखभर किलोमीटर आरामात जातात, काही तर दीड लाखाच्या पुढे. ज्या जागी हात जात नाही तिथे जास्त टिकणारी वस्तू लावायची, एवढा साधा हिशोब.

आता वाट. इंजिन आडवं असल्यामुळे एक रांग रेडिएटरकडे तोंड करून असते आणि दुसरी फायरवॉलकडे, म्हणजे डॅशबोर्डच्या अलीकडच्या पत्र्याकडे. त्या पत्र्यात आणि इंजिनात एक वीतभर जागा, त्यात वायरी, नळ्या, खाली धूर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि वरून हवा आत नेणाऱ्या इनटेकचं धूड. सगळ्या गाड्यांची वाट एक नसते आणि इथेच लोक चुकतात, दुसऱ्या गाडीचा व्हिडिओ बघून आपली खोलायला घेतात. होंडा ओडिसीच्या ३.५ लिटरमध्ये मागचे प्लगही वरूनच निघतात, जागा अडचणीची आहे एवढंच. टोयोटा सिएन्नाच्या ३.३ आणि ३.५ लिटरवाल्या इंजिनांत वरचा इनटेक, म्हणजे सर्ज टँक, काढावा लागतो. शेव्हरोले व्हेंचर, पॉन्टियाक मोंटानामधल्या ३.४ लिटरला वरचे टॉर्क स्ट्रट, ते हाडासारखे दिसणारे माऊंट, सोडून अख्खं इंजिन पट्ट्याने पुढे ओढतात, म्हणजे मागे दोन-चार बोटं जागा होते. हे करताना हँडब्रेक, चाकांना अडण्या, आणि कुठली नळी ताणली जातेय का हे ओढता ओढता बघायचं. काही गाड्यांत वायपरखालचं प्लॅस्टिकचं काऊल आणि त्याखालचा पत्र्याचा ट्रे काढला की वरून एकदम उजेड पडतो, आणि काहींत खालून, पुढचं चाक काढून, जास्त सोपं जातं.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं नुसतं बघा. मोबाईलचा कॅमेरा चालू करून, फ्लॅश लावून, हात मागे घालून व्हिडिओ काढायचा आणि मग खुर्चीत बसून तो थांबवत थांबवत बघायचा. प्लगचा बूट कुठल्या कोनात आहे, कुठली वायर कशाखालून गेलीये, हात डावीकडून जाईल की उजवीकडून, हे तेव्हाच ठरवा. त्याच व्हिडिओत माझ्या लक्षात आलं की मधला तिसरा मी ज्या बाजूने चाचपत होतो त्याच्या उलट बाजूने सरळ दिसतोय. तासभर उगाच मनगट सोलून घेतलं होतं.

सामानात थोडं नेमकं असू द्या. प्लगचं सॉकेट बहुतेक या इंजिनांना १६ मिमी लागतं (म्हणजे पाच-अष्टमांश इंच), अगदी जुन्यांना २१. आत रबर किंवा चुंबक असलेलं. तीन-अष्टमांश इंच ड्राइव्हचं रॅचेट, शक्यतो मान वळणारं, आणि एक्स्टेंशन तीन लांबीची, दोन-अडीच इंच, चार इंच आणि दहा इंच. लांब एकच असून चालत नाही, मागच्या जागेत लांब एक्स्टेंशन फायरवॉलला टेकतं आणि छोट्याने रॅचेट फिरवायला जागाच उरत नाही, मधलंच कामाला येतं. कोनात वळणारा एक युनिव्हर्सल जॉइंट किंवा वॉबल एक्स्टेंशन. मी सॉकेट आणि जॉइंट यांच्यावर इन्सुलेशन टेपचे तीन वेढे मारून टाकतो, एक तर जॉइंट लुळा पडत नाही, आणि दुसरं म्हणजे एक्स्टेंशन ओढल्यावर सॉकेट प्लगवर अडकून मागे राहत नाही. हे टेपचं शहाणपण मला कसं आलं ते सांगायला नको. पाऊण तास एक सॉकेट पाचव्या प्लगच्या डोक्यावर टोपीसारखं बसून होतं आणि मी दोन बोटांनी त्याला विनवण्या करत होतो.

याशिवाय वीतभर, जरा जास्तच, रबरी पेट्रोल होज, आतून आठेक मिमी, प्लगच्या मागच्या टोकावर घट्ट बसेल अशी. डायलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारं, ग्रीस. गंज सोडवायचं तेल. गॅप मोजायचं वायरचं फीलर गेज. किती टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, लागतोय ते दाखवणारा टॉर्क रेंच. बूट ओढायचा वाकडा चिमटा मिळाला तर सोन्याहून पिवळं. डोक्याला लावायची बॅटरी, आणि रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर टाकायला जाड गोधडी किंवा फोम, कारण तुम्ही त्याच्यावर छातीने आडवे पडणार आहात आणि अर्ध्या तासाने बरगड्या बोलायला लागतात.

इंजिन थंड पाहिजे. कोमट पण नाही, रात्रभर उभी असलेली. हेड अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर हेडमधले आटे त्याच्याबरोबर निघून येऊ शकतात, आणि खाली एक्झॉस्ट आहे त्याला हात लागला की पुढचा आठवडा चमचा डाव्या हाताने. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, विशेषतः खालून जाणार असाल किंवा ऑल्टरनेटरजवळ हात जाणार असेल तर, तिथल्या जाड वायरला पाना लागला तर ठिणग्यांची आतषबाजी होते. रेडिओला कोड असेल तर आधी लिहून घ्या. आणि खालून जायचं असेल तर जॅकवर भरवसा ठेवून कधीच गाडीखाली जायचं नाही, जॅक स्टँड लावा, गाडी त्याच्यावर टेकवा, हाताने जोरात हलवून बघा, मगच खाली. यात सूट नाही.

सुरुवात पुढच्या तीनपासून करा. काही लोक म्हणतात अवघड काम आधी उरकावं, ताजेतवाने असताना, पण मला ते पटत नाही. पुढचे तीन म्हणजे तुमची शिकवणी आहे. बूट किती पिळला की सुटतो, प्लग सुटताना हाताला कसा कटकन जाणवतो, नवीन प्लग आट्यांत नीट बसला की कसा मऊ फिरतो, हे सगळं तिथे डोळ्यांनी बघत शिकायला मिळतं, आणि मागे हेच सगळं आंधळेपणाने करायचं आहे. पुढे टॉर्क रेंच पण लावता येतो. मी काय केलं, पुढच्या प्लगना रेंचने बरोबर टॉर्क दिला आणि लगेच साध्या छोट्या रॅचेटने तोच प्लग अगदी हलका धरून बघितला की एवढा टाइट म्हणजे हाताला किती. मागे टॉर्क रेंच शिरतच नाही, तेव्हा हीच हाताची आठवण उपयोगाला येते.

एका वेळी एकच वायर काढायची. सगळ्या काढून मग लावू म्हणाल तर आकड्यांचा गोंधळ होणार, कॉईलवर नंबर छापलेले असतात पण धुळीखाली. वायरीही बदलणार असाल तर एक जुनी काढली की तिच्या लांबीची नवी लगेच त्याच वाटेने.

मागचे बूट हा सगळ्यात कटकटीचा भाग आहे, प्लगपेक्षाही. रबर वर्षानुवर्षं एक्झॉस्टच्या धगीत भाजून सिरॅमिकला चिकटलेलं असतं. सरळ ओढलं तर वायर तुटून हातात येते आणि आतलं लोखंडी टोक बुटासकट प्लगवर राहतं. आधी पिळायचं. बूट मुठीत धरून डावीकडे-उजवीकडे पाव पाव आटा, चिकटपणा सुटल्याचा एक हलका फट् असा आवाज येतो किंवा निदान हाताला कळतं, मग पिळत पिळतच बाहेर. काही इंजिनांत बुटाभोवती पत्र्याची नळी असते, उष्णतेपासून वाचवायला, ती गंजून हेडच्या खाचेत अडकते, ती पण तशीच फिरवत काढा आणि फेकू नका, परत लावायची आहे. वायरी बदलायच्याच असतील तर बूट सरळ ब्लेडने उभा चिरला तरी चालतो, वेळ वाचतो. कॉईल प्लगवरच बसलेली असेल तर आधी कनेक्टरची प्लॅस्टिकची पट्टी, जुनी झालेली ती कडकडून मोडते म्हणून नखाने हळूच, मग १० मिमी पान्याचा बोल्ट, मग कॉईल तशीच पिळून वर. तो बोल्ट चुंबकाच्या काठीने उचला. मागे पडला तर गेलाच.

बूट निघाला की प्लगभोवतीची जागा फुंकून काढा, कॉम्प्रेसर नसेल तर हवेचा डबा किंवा पंपाला बारीक नळी, डोळ्यांना चष्मा लावून. तिथे वाळू, गंजाचे पापुद्रे, कधी सुकी पानं असतात आणि प्लग निघाल्याबरोबर ते सगळं सिलिंडरात जातं. खोल विहिरीसारख्या भोकातले प्लग असतील आणि त्यात ऑइल साचलेलं दिसलं तर ते वरच्या कव्हरच्या सीलमधून आलंय, आधी फडक्याने टिपून घ्या, आणि सील बदलायचं डोक्यात ठेवा, नाहीतर नवा बूट महिन्याभरात फुगून बसेल.

आता सोडवायचं. सॉकेट प्लगवर पूर्ण बसलंय ना हे बोटाने तपासा, अर्धवट बसलेलं सॉकेट तिरकं होऊन सिरॅमिक तोडतं. जोर लावताना दुसऱ्या हाताचं बोट सॉकेटच्या मानेवर ठेवून ते सरळ धरायचं. सुटला की लगेच फिरवत सुटू नका, पाव आटा सोडा आणि थांबा. परत हवा मारा, गंजतेलाचे दोन-तीन थेंब सोडा, दहा-पंधरा मिनिटं द्या. मग अर्धा आटा सैल, पाव आटा परत आत, अर्धा सैल, असं पुढे-मागे करत. आट्यांत अडकलेली काजळी अशी थोडी थोडी मोडते, नाहीतर ती कानशीसारखी अॅल्युमिनियम खात येते. फिरवताना कुरकुर आवाज आला किंवा मध्येच जड झालं तर परत आत घ्या, तेल, परत. माझा पहिला नंबर, बेल्टच्या बाजूचा, ऑल्टरनेटरच्या मागे दडलेला, वरून दिसतच नव्हता, तो मी चाक काढून खालून गाठला आणि नुसता सोडवायलाच चाळीस मिनिटं घेतली. घाई केली असती तर पाच मिनिटांत निघाला असता, आट्यांसकट.

निघालेले प्लग खोक्याच्या पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून नंबर लिहून त्यात खोचून ठेवा. त्यांच्या तोंडावर बरंच लिहिलेलं असतं. फिकट तपकिरी, करड्या रंगाचा म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा त्या प्लगला ठिणगीच नीट मिळत नव्हती. ओलसर काळा चिकट म्हणजे ऑइल वर चढतंय. टोक पांढरंफटक, फोड आल्यासारखं म्हणजे जास्त तापत होता. सहाच्या सहा सारखे दिसले तर काळजी नाही, एकच वेगळा दिसला तर त्या सिलिंडरकडे नंतर बघावं लागेल. सिरॅमिकवर बाहेरून उभी काळी रेघ दिसली तर वीज बुटाच्या आतून खाली पळत होती, मग वायर किंवा कॉईलचा बूटही बदला, नाहीतर नव्या प्लगवरही तशीच रेघ उमटेल.

नव्या प्लगची गॅप बघा, डब्यावर प्री-गॅप लिहिलं असलं तरी. प्रवासात डबा पडलेला असू शकतो. या प्रकारच्या इंजिनांत गॅप साधारण १.१ ते १.५ मिमीच्या दरम्यान असते, तुमच्या गाडीची बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात मिळेल. वायरचं गेज वापरा, ते उताराचं नाण्यासारखं गोल गेज इरिडियमच्या बारीक टोकावर रेटलं की टोक तुटतं. वाकवायचं झालं तर फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड.

बसवायला ती रबरी होज. प्लगचं मागचं टोक होजमध्ये खोचा, प्लग भोकाच्या तोंडाशी न्या आणि होज दोन बोटांत फिरवा. आधी उलटं, डावीकडे, हळूहळू फिरवायचं, आट्यांची सुरुवात जुळली की प्लग टिक करून जरासा खाली बसतो, तिथून उजवीकडे. होजचा मोठा फायदा हा की प्लग तिरका लागला तर होजच प्लगवर घसरते, तुमचा जोर पोचतच नाही, म्हणजे आटे मारायची ताकदच तुमच्या हातात राहत नाही. रॅचेटला ही लाज नसते, ते तिरका प्लगसुद्धा आनंदाने आत घालतं. होजने निदान पाच-सहा आटे सहज गेले पाहिजेत. नाही गेले तर बाहेर काढा, पुसा, परत.

हाताने टेकेपर्यंत गेला की मग सॉकेट. टॉर्क इंजिनप्रमाणे १५ पासून २७-२८ न्यूटन मीटरपर्यंत असतो, आपला बघून घ्या. रेंच शिरत नसेल तर कोनावर करा. वॉशरवाला सपाट बुडाचा नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश आटा, म्हणजे वॉशर चेपला जातो ते हाताला कळतं. वॉशर नसलेला, निमुळत्या बुडाचा प्लग मात्र टेकल्यावर फक्त एक-सोळांश आटा, घड्याळाच्या काट्याची जेमतेम चार मिनिटं. या दोघांत गल्लत केली आणि निमुळत्या प्लगला अर्धा आटा दिला तर पुढच्या वेळी जो कोणी काढेल तो तुमच्या नावाने बोटं मोडेल, आणि तो तुम्हीच असणार.

आट्यांना अँटी-सीझ (आटे अडकून बसू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावायचं का यावर भांडणं होतात. माझं मत, नव्या प्लगच्या आट्यांवर चकचकीत मुलामा असेल तर लावू नका, प्लग बनवणारी एनजीके स्वतःच त्यांच्या अशा प्लगसाठी नको म्हणतं, कारण आटे निसरडे झाले की रेंच तेवढंच दाखवतो पण प्लग प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. आटे साधे काळे, बिनमुलाम्याचे असतील तर अगदी ब्रशच्या टोकाएवढं, पहिले दोन आटे सोडून, आणि टॉर्क थोडा कमी.

बुटाच्या आत डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा, रबराला, धातूच्या टोकाला थापायची गरज नाही. बूट ढकलला की टक् असा बसल्याचा धक्का बोटाला कळायलाच हवा. मागे आवाज ऐकू येत नाही म्हणून लावून झाल्यावर हलका मागे ओढून बघा, हवेमुळे बूट परत वर सरकतो कधीकधी. पत्र्याच्या नळ्या परत, वायरी त्यांच्या क्लिपांत, आणि कुठलीही वायर एक्झॉस्टला टेकत नाही ना ते परत कॅमेऱ्याने बघा.

ज्यांना वरचा इनटेक काढावा लागतो त्यांच्यासाठी थोडं वेगळं. काढायच्या आधी प्रत्येक व्हॅक्यूम नळीला टेपचा तुकडा लावून आकडा लिहा आणि तोच आकडा ती जिथून निघाली तिथे, फोटोंवर भरवसा ठेवू नका, फोटोत सगळ्या नळ्या काळ्याच. थ्रॉटल बॉडीला कूलंटच्या नळ्या असतील तर थोडं पाणी सांडणार, फडकं आणि बूच तयार ठेवा. इनटेक उचलल्याबरोबर खालची भोकं स्वच्छ फडक्याने बंद करा, तिथे पडलेला एक नट थेट व्हॉल्व्हवर जातो. फडकी मोजून घाला आणि मोजून काढा. गॅस्केट नवीनच लावा, आणि बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे कसा. एवढं उघडलंच आहे तर मागच्या वायरी किंवा कॉईल जुन्या असतील तर याच बैठकीत बदला.

दोन ठिकाणी मात्र हात वर करायला लाजू नका. प्लगचं सिरॅमिक तुटून लोखंडी बूड आत राहिलं तर खोल सॉकेटने ते बूड बहुतेक निघतं, पण सिरॅमिकचे तुकडे आधी ओढून काढा, व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून. आणि आटे गेले, प्लग नुसता गोल फिरतोय, तर जबरदस्तीने मोठा टॉर्क देऊन काही होत नाही, त्यात हेलीकॉइल किंवा टाइम-सर्टसारखा नव्या आट्यांचा इन्सर्ट बसवावा लागतो, आणि मागच्या रांगेत ते काम पहिल्यांदा करून बघायची जागा नाही. तिथे मेकॅनिक बोलवा.

सगळं लावून झालं की हत्यारं मोजा. बॅटरी जोडा, स्टार्ट करा. पहिलं मिनिटभर जरा वेडंवाकडं चालेल, बॅटरी काढल्यामुळे कॉम्प्युटर आयडलिंग परत शिकतो, आणि मागून थोडा धूर येईल, एक्झॉस्टवर सांडलेलं गंजतेल जळतं तो. हिस्स असा आवाज येत राहिला तर व्हॅक्यूमची नळी राहिली आहे. टकटक असा सुका आवाज आला तर बूट बसला नाही, अंधारात बॉनेट उघडून लांबून बघितलं तर निळी ठिणगी बाहेर उडताना दिसते, हात लावू नका, बंद करून मग बसवा.

मग कोड पुसून वीसेक मिनिटं फिरवा, त्यात एक चढ असू द्या. माझ्या गाडीत पहिल्या फेरीत पी-०३०५ आला आणि माझं डोकंच फिरलं. पाचवा बूट अर्धाच बसला होता, तो सॉकेटवाला पाचवा. परत गोधडीवर आडवा झालो, बोटाने ढकलला, टक् झालं.